मास्तरांची खोट

काठी पत्र्याच्या भिंतीवर धाडकन आपटली आणि तनीने क्लारनेट तोंडातून काढलं.

“ना!” बापू म्हणाले.

“आता काय झालं?”

“ना!”

“अहो, वाजवलं की जसंच्या तसं! सूर बघा, ठेका बघा, कुठे चुकलं?”

“ना, ना, ना!” आणि पुन्हा काठी.

तनीच्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासून हेच चाललं होतं. धून तीच, जागा तीच आणि त्या जागेवर आली की काठीही तीच. पत्र्याला पोचे पडायची वेळ आली होती.

तनीचे वडील भागवत मास्तर अवघडे म्हणजे बार्शीतला एकेकाळचा नंबर एकचा क्लारनेटवाला. ‘अवघडे ब्रास बँड’ची गाडी दारात आली की वरमाय हातातलं काम टाकून बाहेर यायची. पण दोन पावसाळ्यांमागे अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि शब्द सगळे गेले. एकच मागे राहिला. ‘ना’. चहा घेणार? ना. आणि डावा हात कपासाठी पुढे. झोपायचं का? ना. आणि डोळे मिटलेले. त्यामुळे गल्लीत त्यांच्या ‘ना’ची थट्टाच झाली होती. कुणी मुद्दाम विचारायचं, “मास्तर, आमदार व्हायचं का?” आणि ‘ना’ आलं की म्हणायचं, “बघा, झाले तयार!”

तनीला ती थट्टा आवडत नसे. पण त्या ‘ना’वर तिचाही विश्वास नव्हता.

तनी सतरा वर्षांची. नववीत असताना एका सरांनी वर्गात म्हटलं होतं, “तुमच्यातल्यांनी वाजवावं, शिकून काय करायचंय?” तिने डस्टर उचलून सरांच्या टेबलावर असं हाणलं की सर पांढरे फटक झाले. त्या दिवसापासून शाळा बंद. आई ती तिसरीत असतानाच गेली होती, त्यामुळे ओरडायला घरात कुणी नव्हतं. बापू तर ऐकून हसले होते. तेव्हा त्यांना हसता येत होतं.

आता घाई होती ती रविवारची. गुलाबकाका म्हणजे बँडमधले जुने हलगीवाले, बापूंचे जिवलग. त्यांच्या नातीचं, साक्षीचं लग्न होतं. काका येऊन स्पष्ट सांगून गेले होते, “माझ्या नातीची पाठवणी स्पीकरच्या डब्यावर नगं. मास्तरच्या घरातल्या माणसानं फुंकायची. आन् खोटीसकट!”

ही खोट म्हणजे काय, ते सांगायला हवं. पाठवणीची धून बापूंनी स्वतः बांधलेली. फार वर्षांपूर्वी एका लग्नात ती वाजवताना शेवटच्या लांब सुरावर त्यांच्या क्लारनेटची रीड फाटली, सूर फाटला, आणि मास्तरांनी तो कसाबसा सांभाळून घेतला. झाली ती चूकच. पण मांडवातल्या बायका अशा रडल्या की पुढच्या लग्नात मुलीच्या आईनेच मास्तरांना गाठलं: “तिथं वाजवलं तसंच आमच्याकडेबी वाजवा.” तेव्हापासून बापू ती चूक मुद्दाम करायला लागले. गावाने तिला नाव दिलं, मास्तरांची खोट. ‘खोट आल्याबिगर नवरी जात न्हाई’ अशी म्हणच पडली.

तनीने ती खोट फोनवरून पाठ केली होती. लांब सूर येतो, त्या जागी पाण्यावर तरंग उठावा तसा हलतो, आणि पुढे जातो. देखणी जागा. तिने बोटं दुखेपर्यंत घोटली होती.

“ऐका!” तिने फोन बापूंच्या कानापाशी धरला. “ऐका, हे तुम्हीच वाजवलंय ना? तुमच्याच खात्यावर आहे. भागवत मास्तर अवघडे, बार्शी!”

बापूंनी मान तिरकी करून ऐकलं. धून सुरू झाली तेव्हा डोळे निवळले. लांब सूर आला. हलला. पुढे गेला. आणि बापूंनी डाव्या हाताने काठी फिरवून फोन असा उडवला की तो ढोलावर आदळला. काचेला तडा गेला.

“ना!”

“तुम्हाला तुमचंच आठवत नाही!” तनी किंचाळली. “डोकं गेलंय तुमचं!”

बोलून गेली आणि जीभ चावली. बापूंनी काठी खाली ठेवली. भिंतीकडे तोंड केलं. ‘ना’सुद्धा म्हणाले नाहीत.

*

यश बाहेर बँडच्या गाडीवर दिव्यांच्या माळा बांधत होता. तनीचा थोरला भाऊ. बँडचं सगळं आता तोच बघायचा. वाजवणारी माणसं कमी झाली होती, डबे वाढले होते. पाठवणीला तो एक बटण दाबायचा आणि बापू वाजायचे.

“काय गं, परत भांडलीस?”

“त्यांनी फोन फोडला.”

“डॉक्टर म्हणालेलेच की. आठवणी मागेपुढे होणार. तू फोनवर आहे तेच वाजव. मशीन खोटं बोलत नसतं तने.”

“लाव तुझ्या डब्यावर. मोठ्याने लाव. मला परत ऐकायचंय.”

यशने धून लावली. तनी गाडीच्या चाकावर पाय ठेवून ऐकत राहिली. रागात माणसाचे कान टवकारतात म्हणतात ते खोटं नाही. तिला काहीतरी टोचत होतं. आहे त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. नसलेलं काहीतरी टोचत होतं.

“दादा, आपण लहानपणी बँड-बँड खेळायचो. मी पुंगळी फुंकायचे, तू डबा बडवायचास.”

“मग?”

“शेवटाला तू मधेच खोकायचास. ‘ख्यँक’ करून. का?”

यश हसला. “गुलाबकाका खोकायचे ना तिथे! विडीचा खोकला. तेवढ्या जागेत बरोब्बर एकदा. बापू चिडायचे, पण काकांना आवरायचंच नाही.”

“प्रत्येक लग्नात?”

“प्रत्येक.”

“मग ह्याच्यात खोकला कुठाय?”

यशने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. हलगी होती. क्लारनेट होतं. सूर हलला, पुढे गेला. गुलाबकाकांना खोकायला त्यात सुईएवढी जागा नव्हती.

*

तडा गेलेल्या फोनवर तनीने बापूंचं खातं असलेल्या ‘स्वरझरा’ अॅपच्या मदतीचं बटण दाबलं. मधाळ आवाजाची मशीनबाई आली.

“नमस्कार तनिष्काताई! आज कोणता सूर ऐकायचा?”

“आमच्या धुनेतला खोकला कुठं गेला?”

“आपल्या आनंदासाठी अनावश्यक आवाज काढले जातात ताई.”

“कुणाला विचारून?”

“मागच्या दिवाळीला नवी आवृत्ती आली, तेव्हा आपली संमती घेतली होती. दोन पर्याय होते. ‘हो’ आणि ‘नंतर’.”

“आणि ‘नाही’?”

“असा पर्याय नाही ताई. ‘नंतर’ म्हटलं की आम्ही नंतर सुधारतो.”

“मला आधीचं पाहिजे. मूळचं.”

“आपलं बीज सुरक्षित आहे. त्यात काहीही बदल झालेला नाही. मूळ ध्वनी मात्र आम्ही ठेवत नाही. पर्यावरणासाठी.”

तनीने असली शिवी हासडली की यशने इकडेतिकडे बघितलं. मशीनबाई म्हणाली, “आपला अभिप्राय मोलाचा आहे.”

बीज काय, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. पूर्वी गाणं साठवायचं म्हणजे आवाजाची लाट जशीच्या तशी साठवायची. हवा क्षणाक्षणाला किती हलली, त्याचा पूर्ण हिशेब. त्याला जागा लागायची, वीज लागायची. जगभरच्या लोकांनी इतकं काही भरून ठेवलं की साठवणीच्या कोठारांना वीज पुरेना. मग शोध लागला बीजाचा. लाट ठेवायचीच नाही. लाटेचं वर्णन ठेवायचं, चिमूटभर. ‘क्लारनेट आहे, पुरुष वाजवतोय, सूर अमुक, ठेका तमुक.’ आणि प्रत्येक फोनात एक चिप बसवायची, जिने कोट्यवधी गाणी ऐकलेली आहेत. ती वर्णन वाचते आणि गाणं त्या क्षणी नव्याने घडवते. वर्णनात जे नसेल ते ती आपल्या अंदाजाने भरते.

म्हणजे कोठीत भाकरी ठेवलेलीच नाही. भाकरी कशी होती, एवढं लिहून ठेवलंय. भूक लागली की फोन ती थापतो. आणि थापणारा बदलला की भाकरी बदलते. चिपची नवी आवृत्ती आली की जगातलं प्रत्येक जुनं गाणं जरासं सरकतं, सगळ्यांना आवडेल अशा मध्याकडे. कुणाला पत्ता लागत नाही, कारण ताडून बघायला मूळचं कुणाकडे नसतंच.

“आपल्या कॅसेटी?” तनीने विचारलं. “आजोबांच्या? बापूंच्या सीड्या, मेमरी कार्डं? ती पत्र्याची पेटी होती ना दादा, भरलेली?”

यश माळेची गाठ सोडवत बसला. गाठ नव्हतीच तिथे.

“दादा.”

“‘स्वरझरा’वर चढवून झालं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की आता मूळ प्रती ठेवायची गरज नाही. भंगारवाला दारात आला होता.”

“दिलीस?”

“मी जपायलाच टाकलं होतं गं! बुरशी लागत होती सीड्यांना. मला वाटलं...”

“तुला वाटलं!” तिने हातातली माळ ओढून फेकली. चार दिवे फुटले. “ते बिचारे जीव तोडून सांगतात की हे माझं नाही, आणि आपण म्हणतो डोकं गेलं! फुकट नाही ते काठी आपटत! त्यांचं चोरलंय कुणीतरी, आणि चोर आपणच घरात घेतला!”

यश फुटलेले दिवे वेचू लागला. तनी सायकल काढून निघाली. जाताना दारातून बापूंकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

*

आधी गुलाबकाका. काका ओट्यावर हलगी शेकत बसले होते.

“काका, खोट कशी होती? गाऊन दाखवा.”

“आता काय सांगायचं! अशी येती...” काकांनी तोंड उघडलं आणि गुणगुणले. लांब सूर आला. हलला. पुढे गेला.

“ही फोनवरची झाली.”

काका थांबले. पुन्हा गुणगुणले. पुन्हा तेच. चेहरा उतरला. “रोज सकाळी लावतो गं फोनवर, मास्तरची याद म्हणून. आयला. ऐकून ऐकून तेच बसलं का काय कानात?”

“तुम्ही खोकायचात तिथे.”

“खोकायचो!” काकांचे डोळे चमकले. “मास्तर शिव्या घालायचा. पण कुठं खोकायचो पोरी? हितं तर जागाच न्हाई.”

पुढचे दोन दिवस तनी अख्ख्या बार्शीत फिरली. ज्या ज्या घरात अवघडे बँड वाजला होता, त्या त्या घरात. सगळे अभिमानाने सांगायचे, “आमच्या लग्नात होती की मास्तरांची खोट!” कशी होती विचारलं की फोन पुढे करायचे. खोटीचं नाव सगळ्यांकडे शिल्लक होतं, खोट कुणाकडेच नव्हती. आणि गेली हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. एक आजोबा तर तिच्यावरच डाफरले, “तुला बरं कळतंय मास्तरपेक्षा जास्त!” तिला त्यांचा फोन आडात टाकावासा वाटला.

रिकाम्या हाताने मात्र ती फिरली नाही. कपाटांच्या तळाशी, देवघरामागे, शिवणयंत्राच्या खणात जे जे सापडलं ते तिने पिशवीत भरलं. जुनी मेमरी कार्डं, लग्नाचे पेनड्राइव्ह, कुणाच्या बारशाची सीडी. अजून बीज न झालेला, कच्चा आवाज. यशचा जुना लॅपटॉप पडून होता, पडदा फुटलेला. तिने त्याचं झाकण काढलं, त्याला एक मोठी डिस्क जोडली, आणि लोक फुकट वाटतात तसला एक प्रोग्रॅम चढवला. घरचाच सर्व्हर झाला. लाट जशी आहे तशी ठेवायची आणि मागेल त्या फोनला तशीच द्यायची. फोन मात्र जुना हवा, बिनचिपचा. तसले फोन घराघरात खणात पडलेले होतेच. एकदा गाणं उतरवून घेतलं की मग नेट नको, स्वरझरा नको, कुणाची आवृत्ती नको. कुठेही बसून ऐका.

हे सगळं तिने पत्र्याच्या एका डब्यात बसवलं आणि वर रंगाने लिहिलं, ‘पेटी’.

यश बघत होता. त्याने गाडीची जादा बॅटरी आणून पेटीशेजारी ठेवली. तनी “ठेव तिथे” म्हणाली. एवढंच बोलणं झालं.

पेटीत हलगी आली, मिरवणुकीतला गोंधळ आला, आजोबांचा सनईचा एक तुकडासुद्धा आला. पाठवणीची धून मात्र येईना. कारण कळलं तेव्हा तनीने कपाळावर हात मारला. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांची एक घाणेरडी खोड. पाठवणी आली की मांडवातला खरा आवाज काढायचा आणि वर सिनेमातलं रडकं गाणं चढवायचं. प्रत्येक पेनड्राइव्हवर तेच. बापूंचे गाल फुगलेले, बोटं चाललेली, आणि ऐकू कुठलीतरी सिनेमावाली येतेय. त्यातही पाठवणी आली की नवरीच्या डोळ्यांचा मोठा फोटो. बापू दोन क्षण दिसायचे आणि गायब.

“सगळ्यांनी मिळून मारलंय त्यांना,” ती दात खाऊन म्हणाली. “चिप तर शेवटी आली.”

*

वर्षाताई गिरणी चालवायच्या. लग्नानंतर सहाच महिन्यांत माहेरी परत आल्या त्या कायमच्या. त्यांच्या लग्नाचं नाव गल्लीत कुणी काढत नसे. तनीने काढलं, कारण दुसरं घर उरलं नव्हतं.

वर्षाताईंनी पट्टा थांबवला. पीठ उडायचं थांबलं.

“तुला कशाला पाहिजे ते?”

“बापूंसाठी.”

“पेनड्राइव्ह आहे. वर चढवला नाही मी. कोणत्या तोंडाने चढवू? जाळणार होते, पण ट्रंकेच्या तळाशी गेला आणि राहिला.” त्या आत गेल्या, बराच वेळ खुडबुड झाली, बाहेर आल्या. “एडिट पण केलेलं नाही. सासरच्यांनी व्हिडिओवाल्याशी भांडण केलं, त्याने चिडून सगळं कच्चंच दिलं. आवाज तर धड नाहीच, त्याचा माईक बंद पडलेला.”

“आवाज नाही?”

“चित्र आहे नुसतं. मुकं.”

तनीचा चेहरा पडला. वर्षाताईंना ते दिसलं. पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवून मूठ मिटवत त्या म्हणाल्या, “तुझ्या बापूंनी वाजवलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं. आई दारात उभी होती. त्या लग्नात तेवढं एकच खरं होतं गं. बाकी सगळा बाजार.”

“वळून का बघितलंत?”

“माहीत नाही. वळावंसं वाटलं.”

*

तनीने जुना टीव्ही बापूंच्या खुर्चीसमोर आणून ठेवला. बापू भिंतीकडेच बघत होते. दोन दिवस ते तिच्या हातून जेवले नव्हते, यश भरवत होता.

“बापू, मी चुकले,” असलं काही तिला बोलता येत नसे. ती म्हणाली, “बघा तर खरं.”

पडद्यावर मांडव. मुका. नवी नवरी वर्षाताई, गाडीकडे निघालेली. आणि मागे चौकटीत पूर्ण उभे बापू, टोपी, लाल कोट, ओठात क्लारनेट. दोन हात. दहा बोटं. एडिट न केल्यामुळे चित्र मध्ये कुठे तुटलंच नव्हतं.

बापूंची मान वळली.

बोटं चालली होती. तनी धून ओठांतल्या ओठांत मोजत होती. लांब सूर आला.

पडद्यावरच्या बापूंचे फुगलेले गाल एकदम बसले. क्लारनेट ओठांपासून सुटलं. गुलाबकाकांची टिपरी हलगीवर यायची ती हवेतच थांबली. ट्रंपेटवाला, ढोलवाला, सगळे पुतळे. आणि गुलाबकाकांची छाती एकदा गचकन हलली. खोकला! आवाज नसताना तनीला तो ऐकू आला.

त्या थांबलेल्या जागेत नवरी मागे वळली. दारात तिची आई होती.

मग ओठ पुन्हा क्लारनेटला लागले. डाव्या हाताचं एक बोट अर्धंच उचललं गेलं, आणि हलगी पडली.

“थांबायचात तुम्ही!” तनी ओरडली. “खोट म्हणजे थांबणं होतं! रिकामी जागा होती ती! आणि त्या मशीनने ती भरून टाकली. रिकामं दिसलं की भरायचं, एवढीच अक्कल त्याला!” राग आणि रडू एकदमच आलं. गेलं वर्षभर डब्यावरची धून न थांबता वाजत होती, आणि गेल्या वर्षभरात गावातली एकही पोरगी मागे वळली नव्हती. सरळ गाडीत.

तिने क्लारनेट उचललं. वाजवलं, थांबली, पुन्हा उचललं सरळ सुरात.

“ना!” काठी.

“बरं. खालून?”

“ना.” काठी.

“अर्धं बोट होतं. कितपत अर्धं?”

बापूंनी डावा हात मांडीवर ठेवला. तीन बोटं दाबली, तिसरं जरासं तिरकं केलं. भोक अर्धं उघडं राहील असं. तनीने तसं केलं. सूर जमिनीवर पडल्यासारखा खाली आला आणि तिथून लंगडत वर चढू लागला.

“ना,” बापू म्हणाले.

काठी आपटली नाही. तनीने वर बघितलं. वाकड्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. बोटं मांडीवर पुढची जागा वाजवत होती.

दोन वर्षं घरातल्या कुणाला कळलं नव्हतं, ते तेव्हा तिला कळलं. बापूंकडे ‘ना’ एक नव्हतं. काठीचं ना वेगळं, बिनकाठीचं वेगळं. ऐकायला कुणी बसलंच नव्हतं.

*

रविवारी मांडवात यशने डबे लावले, पण पाठवणीच्या वेळी वायर स्वतःच्या हाताने काढली. बापूंची खुर्ची गाडीशेजारी होती. कुणीतरी सवयीने विचारलं, “मास्तर, लाडू?” “ना,” म्हणून बापूंनी तोंड उघडलं. हशा पिकला. तनीने विचारणाऱ्याकडे असं बघितलं की त्याने लाडू मुकाट्याने भरवला.

साक्षी निघाली. बायकांचे पदर डोळ्यांना लागले, आणि चहूबाजूंनी फोन वर झाले. तनीने क्लारनेट ओठाला लावलं. गाडीवरच्या पेटीला एक साधा माईक जोडलेला होता, त्याचा लाल दिवा लागलेला तिने तेवढा बघून घेतला.

लांब सूर आला.

थांबला.

अख्खा मांडव थांबला. हलगी हवेत. कुणाच्या कडेवरचं पोर रडता रडता गप्प झालं. आणि त्या शांततेत गुलाबकाका खोकले. “ख्यँक!” मुद्दाम नव्हे, अगदी मनापासून, विडीचा खोकला, त्याच जागी.

साक्षी मागे वळली.

आजोबा हलगी घेऊन उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं. तिने त्यांना डोळे भरून बघितलं. मग तिरक्या बोटाखालून सूर पडला, लंगडत उठला, आणि नवरी गेली.

मांडवात कुणीतरी म्हातारी हुंदका देत म्हणाली, “हीच की गं! हीच ती! कुठं गेली हुती इतके दिस?”

आणि तेवढ्यात सगळे फोन एका सुरात किणकिणले.

ज्यांनी ज्यांनी ती धून टिपली होती, त्या सगळ्यांच्या पडद्यांवर तीच पाटी. यशच्याही. त्याने तनीपुढे फोन धरला. ‘या ध्वनिमुद्रणात दोन दोष आढळले. रिकामी जागा एक. खोकला एक. दुरुस्त करायचे?’ खाली दोन बटणं. ‘हो’. ‘नंतर’.

यशचा अंगठा हवेत राहिला. “तने, काय दाबू?”

तिच्या तोंडात शिवी आली होती. पण त्याआधीच गाडीच्या पत्र्यावर काठी पडली. अशी पडली की माळेतले उरलेसुरले दिवे हलले आणि सगळा मांडव वळून बघायला लागला.

“ना!” बापू म्हणाले.

यावेळी कुणी हसलं नाही.

“मिळालं का तिसरं बटण?” तनी म्हणाली. यशच्या हातातून फोन घेऊन तिने तो बंद केला, अंगातल्या बँडच्या कोटाच्या खिशात टाकला आणि गाडीवर चढून पेटीचं झाकण उघडलं. “ज्यांना खोट पाहिजे त्यांनी घरी जा, खणातला जुना फोन काढा आणि इकडे या. आणि एकेक जण या, रेटारेटी केलीत तर याद राखा!”